टाचेखालचा सुकतळा

पवित्र शास्त्राच्या अगदी पहिल्या ग्रंथात टाच एकाहून अधिक वेळा भेटते. एदेन बागेतल्या सर्पाचा डोळा मानवाच्या टाचेवर असतो, आणि पुढे याकोब जन्माला येतो तो थोरल्या भावाची टाच हातात धरूनच. ही वाचने आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. परंतु आपल्या देहात टाच नावाचा एक अवयव आहे आणि सबंध देहाचा भार तो मुकाट्याने वाहत असतो, याची जाणीव आम्हांला वयाच्या ५६व्या वर्षी एका पहाटे झाली. खाटेवरून उतरून पहिले पाऊल शहाबादी फरशीवर ठेवले मात्र, उजव्या टाचेत खिळा रुतावा तशी कळ आली. भिंतीला धरून आम्ही तसेच उभे राहिलो. दहा-पंधरा पावले टाकल्यावर कळ ओसरली, म्हणून तिचा विसरही पडला. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा हजर.

आम्ही मूळचे नगरकडचे; पण शिक्षकाच्या नोकरीने आम्हांला धाराशिव जिल्ह्यातील, भूम तालुक्यातल्या ईट या गावी आणून सोडले आणि आम्ही येथलेच झालो. जिल्ह्याचे नाव तेव्हा उस्मानाबाद होते. बालाघाटच्या डोंगराळ मुलखातले हे बाजाराचे गाव. मिस्सेला जायचे तर एस.टी.चा प्रवास ठरलेला. त्यामुळे रविवार म्हणजे आमच्या घरी पहाटेची धावपळ. त्या धावपळीत टाच नेमकी आडवी येऊ लागली. फळ्यासमोर उभे राहून शिकविण्यात आयुष्य गेले. वर्गात खुर्ची असे, परंतु बसून शिकविणारा गुरुजी मुलांना आवडत नाही, आणि आम्हांलाही तो कधी आवडला नाही.

दुखणे जुने होऊ लागले तसे उपायही सुरू झाले. शेजारच्या आजींनी सांगितले, वीट चुलीत तापवा, तिच्यावर रुईचे पान ठेवा आणि त्यावर टाच दाबून धरा. आम्ही धरली. शेक चालू असेतो फार बरे वाटे. (ज्यांना मधुमेह आहे आणि पायांना बधिरपणा आला आहे, त्यांनी मात्र या विटेच्या वाटेला जाऊ नये, चटका बसलेला कळत नाही आणि जखम चिघळते.) एका वैद्यांनी याला आयुर्वेदात वातकंटक म्हणतात असे सांगितले. टाचेत काटा आहे हे आमच्या पूर्वजांनाही ठाऊक होते, एवढाच काय तो त्यातला दिलासा. शेवटी डॉक्टरांना पाय दाखविला. त्यांनी टाचेच्या आतल्या कडेला अंगठा दाबला आणि आम्ही टेबलावरून उठून बसलो. ते म्हणाले, "गुरुजी, तळपायाखाली टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड पट्टा असतो, तो टाचेशी दुखावला आहे. रात्री तो आखडतो, सकाळी पहिल्या पावलाला ताणला जातो, म्हणून कळ येते. पोटरीचे व्यायाम करा, बुटात मऊ तळ घाला आणि मुख्य म्हणजे अनवाणी चालू नका. घरातसुद्धा."

औषधाच्या चिठ्ठीपेक्षा हे शेवटचे वाक्य आम्हांला जड गेले.

आमच्या भागात अनवाणी पायाला केवढा मान आहे, हे बाहेरच्या वाचकांना सांगावे लागेल. नवरात्रात चप्पल न घालणारी माणसे गल्लोगल्ली दिसतात. अश्विनी पौर्णिमेला तुळजापूरच्या वाटेवर पायी जाणाऱ्यांचे लोंढे लागतात, त्यांतले कित्येक अनवाणी असतात. आमच्याच तालुक्यात कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र आहे. १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी तेथे सल्लेखना घेऊन देह ठेवला. आयुष्यभर पायी, अनवाणी विहार करणाऱ्या मुनींची आठवण त्या डोंगराशी जोडलेली आहे. आपण ख्रिस्ती माणसे याच मातीतली. आपल्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी देवळांत आजही पादत्राणे दाराबाहेर काढून ठेवतात, आणि मोशेला जळत्या झुडपापुढे पायांतले जोडे काढावयास सांगितले होते, तेव्हा ही रीत शास्त्राला धरूनही आहे. अशा वातावरणात वाढलेल्या माणसाला 'घरातसुद्धा चप्पल घाला' असे सांगणे म्हणजे त्याचे संस्कार उंबऱ्याबाहेर ठेवायला सांगण्यासारखेच.

त्यात एक नवस राहून गेला होता. मुलीचे बाळंतपण अवघड होते. ते सुखरूप पार पडले तर हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला श्रीरामपूरहून अनवाणी चालत येईन, असे आम्ही पवित्र मातेला बोललो होतो. सप्टेंबर उजाडला. सौ.नी सुचविले, "अहो, चालत जा, पण पायांत बूट घालून जा. मतमाउली काही बुटाकडे बघत बसणार नाही." आम्ही हसण्यावारी नेले. खरे सांगायचे तर मनात थोडा अहंकारही होता. दुखऱ्या टाचेने अनवाणी गेलो तर नवसाचे मोल वाढेल, असा आमचा हिशेब होता. क्रुसाच्या वाटेवर प्रभू तीन वेळा पडला आणि आम्ही टाचेचे कौतुक करीत बसणार की काय, असा प्रश्नही आम्ही सौ.ना विचारला. शिक्षकाला प्रश्न विचारून समोरच्याला गप्प करण्याची सवय असते. तसे त्या गप्प बसल्या.

नवस फेडला. परत आल्यावर मात्र टाच जमिनीला टेकवेना. आठ दिवस रजा काढावी लागली. पुढचे तीन रविवार मिस्सेला जाता आले नाही; घरी बसून जपमाळ ओढली. ज्या भक्तीचा तोरा मिरविला, तिनेच आम्हांला वेदीपासून दूर ठेवले, हे त्या दिवसांत फार टोचले.

अंथरुणावर पडल्या पडल्या जुनी पुस्तके चाळीत असताना संत इग्नेशिअस लोयोलांचे आत्मवृत्त पुन्हा हाती आले. नगर जिल्ह्यात आपल्या घरांपर्यंत श्रद्धा आणणारे धर्मगुरू त्यांच्याच येशूसंघाचे, त्यामुळे हे चरित्र आमच्या पिढीला तोंडपाठ. २० मे १५२१ रोजी पांपलोनाच्या किल्ल्यावर तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला, हे कोणीही सांगेल. पण त्यानंतरचा एक तपशील आम्ही पूर्वी नुसता वाचून सोडला होता. पाय जुळला तेव्हा गुडघ्याखाली एक हाड वर आले. त्या काळच्या उमद्या तरुणांचे घट्ट बूट त्यावर चढेनात. तेवढ्यासाठी या शूर सरदाराने ते हाड जिवंतपणी कापून घेतले! बधिर करण्याचे औषध तेव्हा नव्हते. म्हणजे बुटाच्या ऐटीसाठी त्यांनी मरणप्राय यातना सोसल्या, त्याही तोंडातून शब्द न काढता.

पुढच्याच वर्षी, १५२२ साली, हाच मनुष्य देवाच्या शोधात माँतसेर्रातकडे निघाला. वाटेत त्यांनी यात्रेकरूचा जाडाभरडा पोशाख घेतला, काठी घेतली, भोपळा घेतला आणि दोरीच्या तळाची पादत्राणे घेतली. पण त्यांतले एकच पायांत घातले. ते स्वतः सांगतात की हे मिरविण्यासाठी नव्हते. एक पाय पट्टीने बांधलेला होता, खेचरावर बसून प्रवास केला तरी तो रोज रात्री सुजलेला असे. म्हणून त्या पायाला पादत्राण हवे, असे त्यांना वाटले. दुसरा पाय अनवाणीच.

पुस्तक छातीवर उपडे ठेवून आम्ही बराच वेळ छताकडे पाहत राहिलो. प्रायश्चित्ताच्या ऐन उमेदीत असलेला, पुढे मान्रेसाला कडक उपवास करून स्वतःची प्रकृती बिघडवून घेणारा संत, आणि त्यानेही दुखऱ्या पायाला जोडा दिला! ज्या पायाला सोसवत होते तो देवाला दिला, ज्याला सोसवत नव्हते त्याची सोय केली. आम्ही नेमके उलटे केले होते. पुढे येशूसंघाची घटना लिहिताना याच संतांनी देवाच्या सेवेसाठी प्रकृती जपण्याविषयी स्वतंत्र प्रकरण घातले. ते आम्ही आता मन लावून वाचले.

दुखण्याविषयी आणखी एक गोष्ट याच सुमारास मनात घोळत होती. मोलोकाईच्या कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्या संत डेमियनांना स्वतःच्या रोगाची खात्री पटली ती १८८४ च्या डिसेंबरात, पाय कढत पाण्यात पडूनही वेदना न झाल्यामुळे. फोड आले, पण कळ नाही. तमिळनाडूत कोल्लिमलई येथे मिशनरी घराण्यात जन्मलेले, वेल्लोरला काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी हाच धागा पुढे नेला. कुष्ठरोग्यांच्या पायांना पडणाऱ्या जखमा रोगाने आपोआप होत नाहीत. वेदना कळत नाही म्हणून पायाच्या एकाच जागी दाब पडत राहतो आणि मांस सडते, हे त्यांनी ओळखले. त्यावर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या वस्तूंचा अवलंब केला, त्यांत सूक्ष्म छिद्रे असलेल्या मऊ रबराच्या तळाची चप्पल होती. एम.सी.आर. या नावाने हे रबर आज खेड्यांतले चर्मकारही ओळखतात. ज्यांना वेदना नाही त्यांच्यासाठी शोधलेला तो मऊ तळ वेदना असणाऱ्यांनाही उपयोगी पडावा, यात आम्हांला देवाची योजना दिसली. वाचकांना ती योगायोगही वाटू शकेल.

आमच्या ईटहून जामखेड काही फार लांब नाही. तेथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प उभा केला, त्याबद्दल १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. त्या प्रकल्पात जयपूर फूट तयार करणारी कार्यशाळाही उभी राहिली. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तयार केलेल्या या पावलात रबर वापरतात, आणि ते लावून शेतात अनवाणी चालता येते, मांडी घालून बसता येते. बाहेरदेशी बनलेल्या लाकडी पायांना हे साधत नव्हते, कारण ते बूट घालणाऱ्यांच्या देशातून आले होते. पायाचे औषध पायाच्या चालीरीती ओळखून करावे लागते, हे आम्हांला तेव्हा नीटसे उमगले नाही. ते पुढे आमच्याच स्वयंपाकघरात उमगले.

असो. टाच टेकू लागताच आम्ही बाजाराच्या दिवशी पारावर बसणाऱ्या वयस्कर चर्मकारांकडे गेलो. तयार सिलिकॉनची टाचवाटी शहरात मिळते आणि त्याहून महागडे, पायाचा साचा घेऊन केलेले तळही मिळतात. त्यांपैकी काय घ्यावे, हे आम्ही पुण्यात फिजिओथेरपी शिकणाऱ्या भाच्याला विचारले होते. तो म्हणाला, "मामा, पैसे वाया घालवू नका. अमेरिकेत १५ ठिकाणी २३६ रुग्णांवर एक तुलना झाली, १९९९ साली ती प्रसिद्ध झाली. सगळ्यांना पायाचे ताण देणारे व्यायाम दिले. आठ आठवड्यांनी पाहिले तर व्यायामासोबत साधी सिलिकॉनची वाटी वापरणाऱ्यांत शंभरातल्या ९५ जणांना आराम पडला होता, नुसत्या व्यायामाने ७२ जणांना, आणि साचा घेऊन केलेले महागडे तळ वापरणाऱ्यांत ६८ जणांना." आणि लगेच तो असेही म्हणाला की ऑस्ट्रेलियातल्या २००६ सालच्या अभ्यासात तीन महिन्यांनी तळांचा थोडा फायदा दिसला, वर्षाने मात्र खरे तळ वापरणारे आणि नावापुरते पातळ तळ वापरणारे सारख्याच स्थितीत होते, हे दुखणे बहुतेकांचे वर्षभरात आपोआपच उतरते. तरुण मुलाने दोन्ही बाजू सांगाव्यात, याचे आम्हांला कौतुक वाटले. चित्रात टाचेचे हाड वाढलेले दिसले तरी घाबरू नका, ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशांच्याही चित्रांत ते दिसते, हेही त्यानेच सांगितले.

चर्मकार काकांनी आमचा बूट हातात घेतला, आत बोटे घालून पाहिली आणि आतला झिजलेला तळ ओढून बाहेर काढला. "गुरुजी, बूट चांगला हाय. सुकतळा मेलाय," ते म्हणाले. सुकतळा हा शब्द आम्ही फार वर्षांनी ऐकला. त्यात सुखच लपलेले असावे असे आमच्या कानाला वाटले. त्यांनी आम्हांला वर्तमानपत्रावर उभे केले, पेन्सिलने पायाची कड काढली, एम.सी.आर.चा तुकडा रापीने कापला, टाचेकडे आणखी एक थर चिकटवला आणि आतल्या कमानीखाली पातळ फुगवटा ठेवला. काम चालू असताना ते सांगत होते की खव्याच्या भट्ट्यांवर राबणारी माणसेही त्यांच्याकडे याच तक्रारीने येतात. भूम तालुक्याचा खवा दूरवर जातो, हे आम्हांला माहीत होते. पण तो आटविताना कढईपुढे कोणीतरी तासन् तास एका जागी उभे राहून खुरपणे फिरवीत असते, आणि त्या माणसाला टाच असते, हे मनात कधी आले नव्हते.

सुकतळ्याने चमत्कार केला नाही. पहिले आठ दिवस पाय परका वाटे. भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण, सकाळी खाटेवरच टॉवेल तळपायाला लावून ओढणे, हे चालू ठेवले. महिन्याभरात पहाटेची कळ निम्म्यावर आली आणि पुढच्या प्रायश्चित्तकाळात क्रुसाच्या वाटेची चौदाही स्थाने आम्ही बूट घालून उभ्याने केली. देवळाच्या दारात मात्र बूट काढावे लागत. फादरांनी आम्हांला आत मोजे घालून, मोज्यांत टाचेची वाटी ठेवण्याची परवानगी दिली. परवानगी कसली, ते हसले आणि म्हणाले, "गुरुजी, एवढं विचारायला आलात?"

खरी गोष्ट येथून पुढे आहे. एका रात्री वीज गेली म्हणून आम्ही कंदील घेऊन स्वयंपाकघरात गेलो. सौ. ओट्यापुढे उभ्या होत्या आणि त्यांच्या पायांखाली चार घड्या घातलेले गोणपाट होते. आम्ही विचारले, हे कशाला? त्या म्हणाल्या, "फरशी लागते." कुठे लागते? "टाचेला." केव्हापासून? त्यांनी कणीक मळता मळता हिशेब केला. "धाकटा शाळेत जायला लागला तेव्हापासून असेल."

धाकटा आता नोकरी करतो.

ज्या सप्टेंबरात आम्ही क्रुसाच्या वाटेचा प्रश्न विचारून त्यांना गप्प केले, तेव्हाही त्या याच गोणपाटावर उभ्या राहून आमच्या वाटेसाठी दशम्या करीत होत्या. आमच्या टाचेसाठी विटा तापल्या, डॉक्टर झाले, पुण्याला फोन झाले. त्याच घरात, त्याच फरशीवर दुसरी टाच होती आणि तिला कोणी विचारले नव्हते. "बोलल्या का नाहीत?" असे आम्ही म्हटले खरे, पण प्रश्न तोंडातून बाहेर पडतानाच तो आपल्याकडेच वळला आहे हे कळले.

"बुटात तुम्ही घातलंत ते ठीक," त्या म्हणाल्या, "पण आम्ही बूट कुठे घालतो? आणि स्वयंपाकघरात चप्पल कशी घालायची? आईंना काय वाटेल?"

आमच्या आईचे वय तेव्हा ८१. स्वयंपाकघराच्याच भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आहे, तिच्यापुढे संध्याकाळची प्रार्थना होते. त्या खोलीत चप्पल, ही गोष्ट आमच्या घराण्यात कधी घडली नव्हती. आम्ही आईपुढे इग्नेशिअसांची कथा मांडली. ती तिने ऐकून घेतली. मग उधळ्या पुत्राचा दाखला काढला. मुलगा परत आला तेव्हा बापाने चाकरांना काय काय आणावयास सांगितले, हे आईला आमच्याहून चांगले ठाऊक. झगा, अंगठी आणि पायांत जोडे. घरातल्या लेकराचे पाय अनवाणी राहू नयेत, असे त्या बापाला वाटले. आई काही वेळ मणी ओढीत राहिली. मग म्हणाली, "मोशेचं काय करशील?" आमच्याकडे उत्तर नव्हते. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "नवी आण. रस्त्यावरची नको. घरातली घरातच राहील. आणि प्रार्थनेला काढील ती." मग सुनेकडे वळून, "पोरी, मला तरी सांगायचंस."

सौ. बाजारात पारावर पाय दाखवायला येईनात. तेव्हा त्या रात्री आम्हीच जुने वर्तमानपत्र फरशीवर पसरले, त्यांना त्यावर उभे केले आणि गुडघे टेकून पेन्सिलने त्यांच्या पायांच्या कडा काढल्या. टाचेला पडलेल्या भेगा इतक्या जवळून आम्ही प्रथमच पाहत होतो. पेन्सिल टाचेशी आली तेव्हा त्यांनी पाय आखडता घेतला. गुदगुल्या होतात म्हणाल्या. आई खाटेवरून पाहत होती. दोन्ही कडा काढून होईपर्यंत कोणी काही बोलले नाही.

काकांनी कागद उलटसुलट पाहिला. डाव्या टाचेचा ठसा पसरट होता, त्यावर त्यांनी अंगठा ठेवला. "ह्या बाई दिसभर उभ्याच असत्यात काय?" आम्ही होय म्हटले. त्यांनी टाचेकडे दोन थर लावले आणि बोटांपुढे चामड्याचा रुंद पट्टा बसविला, बोटात अंगठा अडकवायचा नाही म्हणजे ओल्या फरशीवर घसरायला नको.

त्या चपला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आतल्या बाजूला असतात. प्रार्थनेच्या वेळी त्या बाजूला सरकतात आणि आमेन म्हटल्यावर पुन्हा पायांत जातात. एकदोनदा सौ. विसरल्या तेव्हा आईने काठीच्या टोकाने त्या पुढे ढकलल्या. पहाटेची कळ त्यांची अजून पुरती गेलेली नाही. इतक्या वर्षांचे दुखणे इतक्यात जाणारही नाही, असे भाचा म्हणतो. व्यायाम आता दोघेही भिंतीला हात टेकून शेजारी शेजारी करतो, आणि आईला त्याचे फार हसू येते. मागच्या आठवड्यात डाव्या चपलेचा पट्टा उसवला. दोन दिवस त्या पुन्हा गोणपाटावर उभ्या आहेत. उद्या बाजार आहे. चप्पल पिशवीत घालून ठेवली आहे.